‘लुई लुई’ प्रकरण: जे शब्द ऐकूच आले नाहीत त्यांचा छुपा अर्थ

रॉक गाण्यांचे छुपे अर्थ हा विषय निघाला की गप्पा लगेच ‘हॉटेल कॅलिफोर्निया’वर जातात, मग सैतान, ड्रग्ज, उलटी वाजवलेली टेप, सगळं ओळीने येतं. मला मात्र या सगळ्यात जास्त शिकवून जाणारं प्रकरण वाटतं ते १९६४ सालचं, अमेरिकेतलं. एक बाप, त्याची शाळकरी मुलगी, तिने घरी आणलेली ‘लुई लुई’ या गाण्याची एक छोटी रेकॉर्ड, मग एक गव्हर्नर आणि शेवटी थेट एफबीआय. बापाचं नाव सरकारने फाईल खुली करताना झाकून टाकलंय, म्हणून इथेही तो नुसता ‘बाप’च राहील. बाकीची नावं जगजाहीर आहेत. कुठल्या वळणावर कुणी काय ठरवलं आणि दुसरं काय करता आलं असतं ते मला यात नीट बघायचंय, कारण आजही आपण गाण्यांचे अर्थ लावताना जवळपास त्याच जागी ठेचकाळतो.

पार्श्वभूमी

गाणं मूळचं रिचर्ड बेरीचं, लॉस एंजेलिसमधला एक कृष्णवर्णीय गायक. १९५५च्या सुमारास तो एका लॅटिन धाटणीच्या बँडबरोबर गायचा, तो बँड रेने तूझे या क्यूबन संगीतकाराची एक चा-चा-चा (नाचाची धून) वाजवायचा, तिच्या सुरुवातीचा ठेका बेरीच्या डोक्यात असा बसला की त्यावर त्याने स्वतःचे शब्द लिहिले. शब्द अगदी साधे आहेत. एक खलाशी बारमध्ये बसलाय आणि लुई नावाच्या बारमनला सांगतोय की बाबा मला आता निघायला हवं. जमैकात त्याची प्रेयसी वाट बघतेय, तीन दिवस तीन रात्रींचा समुद्र मध्ये आहे, बोटीवर एकटा असताना ती जवळ असल्याचा भास होतो, तिच्या केसातल्या गुलाबाचा वास येतो, आणि एकदा भेटली की परत सोडून जाणार नाही असं तिला सांगायचंय. झालं, एवढंच गाणं. बोली जमैकन ढंगाची, ती चक बेरीच्या एका गाण्यावरून सुचली असं रिचर्ड बेरी स्वतः सांगायचा (दोघं बेरी, पण नातं काही नाही).

१९५७ साली हे रेकॉर्ड झालं, तेसुद्धा ‘यू आर माय सनशाइन’च्या मागच्या बाजूला. त्या रेकॉर्डवर शब्द स्वच्छ कळतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फार महत्त्वाची आहे. नंतर लग्नाच्या खर्चाला पैसे हवेत म्हणून बेरीने गाण्याचे हक्क ७५० डॉलरला विकून टाकले, घेणारा मॅक्स फायरटॅग, बेरीची रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा मालक.

पुढे हे गाणं अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांतल्या पोरांच्या बँडमध्ये पसरलं. १९६१ मध्ये टकोमाच्या रॉकिन रॉबिन रॉबर्ट्सने ते केलं, ती रेकॉर्ड ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणी लावायच्या यंत्रावर) वाजायची आणि तिच्यावरून पोर्टलँडच्या ‘द किंग्समेन’ या बँडने ते उचललं. गायक जॅक ईली. त्याने बँडला शिकवताना ठेका थोडा वेगळा शिकवला, तीन-दोन तीन-दोन असा, आणि आज आपल्याला जो ‘लुई लुई’चा ठेका म्हणून माहीत आहे तो हाच.

एप्रिल १९६३ मध्ये पोर्टलँडच्या एका छोट्या स्टुडिओत पन्नास डॉलरच्या आसपास खर्चून ते रेकॉर्ड झालं. गायकाचा माइक वर छताच्या बाजूला टांगलेला, त्यामुळे ईलीला मान वर करून, टाचा उंचावून अक्षरशः ओरडावं लागत होतं, भोवती बँड पूर्ण जोरात वाजवतोय, दातांना ब्रेसेस, आणि त्याच्या आधीच्या दिवशी हेच गाणं कितीतरी वेळ सलग गाऊन घसा बसलेला. गिटारचा सोलो संपल्यावर तो चक्क लवकर सुरू होतो, दोन शब्द म्हणतो, चूक कळते, थांबतो, ड्रमर लिन ईस्टन ड्रमवर एक तुकडा वाजवून ती जागा भरून काढतो आणि मग कडवं नीट सुरू होतं. हे सगळं रेकॉर्डवर तसंच आहे. कुणी पुन्हा घेतलं नाही.

अडचण काय झाली

सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही. मग बॉस्टनच्या रेडिओवरच्या एका डीजेने ‘आठवड्यातली सगळ्यात वाईट रेकॉर्ड’ म्हणून ती वाजवली आणि लोक ती मागायला लागले. डिसेंबर १९६३ मध्ये ती बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दोन नंबरवर पोचली, तेव्हा एक नंबरवर एका बेल्जियन ननचं फ्रेंच गाणं होतं.

आता ज्या गाण्याचे शब्द कळत नाहीत ते देशभर वाजतंय म्हटल्यावर पोरं शब्द तयार करणारच. शाळा-कॉलेजांत टाइप केलेले, हाताने लिहिलेले कागद फिरायला लागले, ‘लुई लुईचे खरे शब्द’ म्हणून, आणि त्यात खलाशी होता, मुलगी होती, बोट होती, फक्त बाकी सगळं भयंकर घाणेरडं होतं. गुलाबाच्या वासाची ती बिचारी ओळ, तिची सगळ्यात जास्त वाट लावली गेली. कागद एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बदलत होते, प्रत्येक गावाची आपली प्रत.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण गंमत यातच आहे. माइक गायकापासून लांब असला की त्यात ड्रम आणि झांजा सगळ्या घुसतात. आपण बोललेलं ओळखतो ते बरंचसं व्यंजनांवर, त्यातही स, त, फ, क असे जे आवाज आहेत ते मुळातच हलके आणि उंच पट्टीतले, झांजेच्या आवाजात ते पहिले बुडतात. उरतात ते स्वर, आ, ई, ओ, आणि त्यांचा लांबी-ठेका. आता नुसत्या स्वरांवर आणि ठेक्यावर तुम्ही पाच वेगवेगळी वाक्यं बसवू शकता आणि पाचही बसतील. म्हणजे रेकॉर्डमध्ये माहिती कमी होती आणि ती कमी असलेली जागा ऐकणारा स्वतःच्या मनातून भरत होता. त्यात हातात कागद असला की मन काय भरणार हे आधीच ठरलेलं.

मी ज्यांनी हे गाणं कधी ऐकलेलं नाही त्यांना ऐकवतो तेव्हा आधी काहीच सांगत नाही. बहुतेकांना ‘लुई लुई’ आणि ‘आता निघायला हवं’ एवढंच कळतं, बाकी सगळी गडबड. मग बेरीचे मूळ शब्द त्यांच्यापुढे ठेवून परत ऐकवलं की लगेच खलाशी दिसायला लागतो, स्पष्ट, आणि ‘अरे हे तर सरळ ऐकू येतंय की’ असं म्हणतात. तेच कान, तीच रेकॉर्ड.

बापापुढे कोणते पर्याय होते

जानेवारी १९६४ मध्ये इंडियाना राज्याचे गव्हर्नर मॅथ्यू वेल्श यांनी गाणं ऐकलं, ते अश्लील आहे, ऐकून कान झिणझिणले अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले आणि राज्यातल्या रेडिओवाल्यांच्या संघटनेला ते वाजवू नका म्हणून विनंती केली. पेपरांत ते ‘बंदी’ म्हणून छापून आलं. नंतर वेल्श म्हणत राहिले की मी बंदी घातली नाही, फक्त विनंती केली, पण गव्हर्नरने केलेली विनंती रेडिओ स्टेशनला काय वाटणार हे उघड आहे.

ही बातमी फ्लोरिडातल्या सारासोटा गावी आमच्या बापाने वाचली. महिनाअखेरीस त्याने अॅटर्नी जनरल (म्हणजे अमेरिकेच्या न्यायखात्याचे प्रमुख) रॉबर्ट केनेडी यांना पत्र लिहिलं. त्या पत्रातली पहिलीच हकीकत सगळ्यात महत्त्वाची आहे असं मला वाटतं: मुलीने रेकॉर्ड घरी आणली होती, गाणं अश्लील म्हणून रेडिओवर बंद केलंय हे त्याने वाचलं, आणि *त्यानंतर* तो शब्दांचा गुंता सोडवायला बसला. शब्द इतके घाण आहेत की पत्रात लिहूही शकत नाही असं तो म्हणतो, कलाकार, कंपनी, विकणारे सगळ्यांवर खटला भरा म्हणतो, आणि ही कीड कशी ठेचायची असं विचारून पुढे प्रश्नचिन्हांची रांग लावतो.

या माणसाला मूर्ख ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. मुलीच्या खोलीतून काहीतरी वाजतंय, आपल्याला कळत नाहीये, आणि राज्याचा प्रमुख म्हणतोय ते घाण आहे. कुठलाही बाप अस्वस्थ होईल. आपल्याकडे पोरं हेडफोन लावून इंग्लिश गाणी ऐकत बसली की घरात जी शंका येते ती याच जातीची असते.

पण त्याच्यापुढे वाटा होत्या. एक, मुलीला विचारायचं की तुला काय ऐकू येतं, नुसतं म्हणून दाखव. दोन, दुकानदाराकडून किंवा प्रकाशकाकडून छापील शब्द मागवायचे, गाणं रीतसर प्रकाशित झालेलं होतं, शब्द लपवलेले नव्हते. तीन, बेरीची १९५७ची रेकॉर्ड मिळवून ऐकायची. चार, काही न करता गाणं यादीतून खाली उतरायची वाट बघायची, आणि ते उतरलं असतंच. पाच, सरकारला लिहायचं. त्याने पाचवी निवडली. मुलीला काय ऐकू येत होतं याचा पत्रात पत्ताच नाही, आणि मला ते फार खटकतं, कारण रेकॉर्ड तिची होती.

बाकीच्यांनी काय केलं

इंडियानातल्या एका सरकारी वकिलाच्या ऑफिसात रेकॉर्ड वेगवेगळ्या स्पीडवर लावून तपासली गेली. निष्कर्ष असा की गाणं अत्यंत भिकार आहे, गिटार बेसूर आहेत, पण बेसूर गिटारला अश्लीलतेचा कायदा लागत नाही. मला हा माणूस आवडतो. त्याला गाणं मुळीच आवडलं नव्हतं तरी त्याने आवड आणि पुरावा वेगळे ठेवले.

प्रकाशक फायरटॅगने वेगळाच मार्ग धरला, या गाण्यात काही वावगं सापडवून दाखवणाऱ्याला १००० डॉलर बक्षीस जाहीर केलं. धंद्याच्या दृष्टीने चाल जबरदस्त होती. पण अर्थाच्या दृष्टीने बघा ना, लोकांना ‘शोधा’ म्हणून सांगितलं की लोक शोधणार, आणि अस्पष्ट आवाजात शोधलं की काहीतरी सापडणारच. तेच पैसे रेकॉर्डच्या पाकिटावर बेरीचे शब्द छापायला घातले असते तर माझ्या मते निम्मं वादळ तिथेच थांबलं असतं. त्या काळी पाकिटावर गाण्याचे शब्द छापायची पद्धत नव्हती हे खरं, पण पद्धत मोडायला यापेक्षा चांगलं निमित्त काय असणार होतं.

आणि मग एफबीआय. त्यांच्यापुढे प्रश्न कायद्याचा होता: अश्लील साहित्य एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठवणं हा गुन्हा, तर ही रेकॉर्ड त्यात बसते का? त्यासाठी आधी रेकॉर्डवर नेमके काय शब्द आहेत हे सिद्ध करायला हवं. फेब्रुवारी १९६४ पासून वेगवेगळ्या शहरांतल्या कचेऱ्या कामाला लागल्या. रेकॉर्ड विकत घेतल्या, प्रयोगशाळेत पाठवल्या, ४५च्या स्पीडवर (म्हणजे मिनिटाला ४५ फेरे), ३३ आणि एक तृतीयांशवर, वेगवेगळ्या प्रकारे वाजवल्या. कारण पोरांच्यात अफवाच अशी होती की सावकाश लावलं की घाण शब्द ऐकू येतात.

सावकाश लावल्याने काय होतं? ४५ची रेकॉर्ड ३३वर लावली की ती साधारण पाव हिस्सा हळू होते आणि आवाज पेटीवरच्या पाच पट्ट्या खाली जातो, म्हणजे पोरगा गात असेल तर दैत्य गातोय असं वाटतं. पण जी व्यंजनं रेकॉर्डिंगच्या वेळीच झांजेत बुडाली ती सावकाश लावून वर येत नाहीत. जे मुळात रेकॉर्डवर उतरलंच नाही ते कुठल्याच स्पीडवर सापडणार नाही. उलट आवाज अनोळखी झाल्यामुळे मनाला कल्पना करायला अजून मोकळं रान.

फाईलमध्ये फिरत्या कागदांच्या प्रतीही जमा झाल्या, आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. प्रकाशकाकडचे अधिकृत शब्दही मिळाले. रिचर्ड बेरीला विचारलं गेलं, बँडकडे चौकशी झाली, कंपनीवाल्यांना विचारलं गेलं. १९६५ मध्ये मिशिगनकडून पुन्हा तक्रार आली आणि पुन्हा तेच चक्र.

एका माणसाला मात्र विचारलं नाही. जॅक ईलीला. ज्याच्या तोंडून ते शब्द निघाले त्याला.

याचं एक कारण मला दिसतं ते असं. रेकॉर्ड गाजायच्या आधीच, ऑगस्ट १९६३ मध्ये ईली बँडमधून बाहेर पडला होता. ड्रमर ईस्टनला पुढे येऊन गायचं होतं, बँडचं नाव त्याच्या घरच्यांनी नोंदवलेलं होतं, भांडण झालं, ईली गेला. मग टीव्हीवर वगैरे ईस्टन ईलीच्या आवाजावर नुसते ओठ हलवायचा. म्हणजे ज्याने बँडकडे चौकशी केली त्याच्यासमोर तो आवाज नव्हताच. पण कुणीतरी एक प्रश्न विचारायला हवा होता, ‘रेकॉर्डवर गातोय तो नक्की कोण?’ हा प्रश्न विचारला असता तर ईली सापडायला एक फोन पुरला असता. तो पुढे आयुष्यभर मुलाखतींमध्ये एकच सांगत राहिला की मी बेरीचे मूळ शब्दच गायलो.

निष्पन्न काय झालं

जवळपास अडीच वर्षं आणि शंभरावर पानांची फाईल झाल्यावर निष्कर्ष निघाला की शब्द कुठल्याही स्पीडवर कळत नाहीत, त्यामुळे रेकॉर्ड अश्लील आहे की नाही हे ठरवता येत नाही. खटला नाही, काही नाही.

हा निष्कर्ष नीट वाचा. ‘गाणं स्वच्छ आहे’ असं त्यांनी म्हटलं नाही. ‘आम्हाला कळत नाही’ असं म्हटलं. त्यांच्याकडे बेरीचे शब्द होते, त्यांच्या फाईलमध्ये होते, तरी रेकॉर्डवर तेच आहेत असं म्हणायला ते धजले नाहीत. कायद्याच्या बाजूने हा सावधपणा समजू शकतो. पण याने अफवा मेली नाही, उलट ‘एफबीआयलाही कळलं नाही’ हे तिला एक प्रमाणपत्रच मिळालं आणि रेकॉर्ड खपत राहिली.

आणि यातली खरी चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. रेकॉर्डवर एक शिवी आहे. खरी. ५४व्या सेकंदाच्या आसपास, मागे, ड्रमर ईस्टनची काठी चुकते आणि त्याच्या तोंडून निघून जाते. हेडफोन लावून त्या जागी कान दिला की ऐकू येते, दबलेली पण आहे. प्रयोगशाळेतल्या लोकांनी इतक्या वेळा रेकॉर्ड लावूनसुद्धा ती त्यांच्या निष्कर्षात कुठे नाही. का, तर सगळे गायकाच्या कडव्यांमध्ये शोधत होते, कागदावर जिथे घाण लिहिली होती तिथे. जिथे शोधायचं आधीच ठरलंय तिथेच कान जातो, बाकीचं समोरून निघून गेलं तरी पत्ता लागत नाही.

या कानाच्या खोडीवर पुढे रीतसर प्रयोग झाले. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात व्होकी आणि रीड या दोघांनी उलट्या वाजवलेल्या टेपांवर काम केलं, १९८५ मध्ये छापून आलं. तेव्हा अमेरिकेत रॉक रेकॉर्ड उलट्या लावून सैतानी संदेश शोधायचं वेड जोरात होतं. त्यांनी लोकांना उलटी टेप नुसती ऐकवली तर लोकांना तिच्यातून काही अर्थ काढता येईना, पण अमुक वाक्य त्यात आहे, ऐका, असं आधी सांगितलं की बहुतेकांना ते ऐकू यायला लागलं. सारासोटाच्या बापाचं नेमकं हेच झालं होतं, वीस वर्षं आधी.

बदनामीची लांबी किती असते तेही बघा. २००५ मध्ये मिशिगनच्या बेंटन हार्बरमध्ये एका शाळेच्या वाद्यवृंदाला परेडमध्ये ‘लुई लुई’ वाजवायला मनाई झाली, नंतर ती मागे घेतली. वाद्यवृंद! गाणारा कुणी नव्हताच. शब्द नसलेल्या धुनेलासुद्धा १९६४च्या कागदाचा वास लागलेला होता.

रिचर्ड बेरीच्या हाती या सगळ्यात बराच काळ काहीच नव्हतं, हक्क विकलेले होते. १९८०च्या दशकात एका पेयाच्या जाहिरातीसाठी हे गाणं हवं झालं, त्याची सही लागत होती, त्यातून वकील मध्ये पडले आणि त्याला त्याच्या हक्कांचा वाटा परत मिळाला. तो १९९७ मध्ये गेला. किंग्समेननाही आपल्या रेकॉर्डिंगचे हक्क परत मिळवायला कोर्टात जावं लागलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट, क्रम. आधी पाठ, मग अर्थ. आपल्या परंपरेत हे नवीन नाही, तुकोबांच्या गाथेवर काम करणारी माणसं एकेका अभंगाचे पाठभेद लावत बसतात आणि मग अर्थाकडे येतात, कारण शब्दच चुकीचा घेतला तर त्यावरचं निरूपण कितीही सुंदर असलं तरी ते तुकोबांचं नसतं. रॉक गाण्याला तीच शिस्त लावायला काय हरकत आहे? मूळ लेखक कोण, पहिली रेकॉर्ड कुठली, तिच्यावर शब्द कळतात का, छापील शब्द कुठे आहेत, गायक कोण. एवढं केल्याशिवाय ‘याचा खरा अर्थ असा’ म्हणू नये.

दुसरी, गाण्यात खरंच दडवलेला अर्थ असतो तेव्हा तो कसा असतो हे माहीत हवं. नाथांचं ‘विंचू चावला’ घ्या. वरवर विंचू चावलेल्या बाईचा आकांत, आत काम-क्रोध. पण ते रूपक नाथ स्वतः उलगडून दाखवतात, शब्द खणखणीत आहेत, गाणारा आणि ऐकणारा दोघांनाही माहीत आहे की आत दुसरं काही चाललंय. रॉकमध्येही जिथे खरोखर दुसरा थर आहे तिथे तो स्पष्ट ऐकू येणाऱ्या शब्दांतच असतो. १९८४ चं ‘बॉर्न इन द यूएसए’ बघा, व्हिएतनामहून परतलेल्या आणि कुणी न विचारणाऱ्या माणसाची कहाणी कडव्यांत सरळ सांगितलेली आहे, तरी लोकांनी धृपद तेवढं घेतलं आणि त्याला देशाभिमानाचं गाणं केलं. तिथे कान तयार होते, लक्ष नव्हतं. ‘लुई लुई’त लक्ष भरपूर होतं आणि ऐकू काहीच येत नव्हतं. दोन्ही आजार वेगळे, औषधही वेगळं.

तिसरी, तपासायची पद्धत. एफबीआयने महागड्या प्रयोगशाळेपेक्षा साधी गोष्ट केली असती, की ज्यांनी कागद पाहिलेला नाही अशा दहा-बारा जणांना वेगवेगळं बसवून ऐकवायचं आणि जे ऐकू येईल ते लिहून घ्यायचं, तर प्रत्येकाचं वेगळं आलं असतं आणि तिथेच प्रश्न मिटला असता. खरं तर तो पुरावा त्यांच्या फाईलमध्ये पडलेलाच होता. एकमेकांशी न जुळणारे ते कागद. जर शब्द रेकॉर्डवर असते तर सगळ्या गावांत सारखेच ऐकू आले असते. कागद जुळत नाहीत याचा अर्थ ते रेकॉर्डमधून आलेले नाहीत, पोरांमधून आलेत. हे ज्या कुणी त्या प्रती एकत्र लावल्या त्याला दिसायला हवं होतं.

चौथी गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात मोठी. इतक्या लोकांनी इतका वेळ या गाण्याचा अर्थ शोधला आणि त्यात *या गाण्याचा* अर्थ कुणी शोधलाच नाही. बेरीचे शब्द समोर ठेवून बसलं की प्रश्न सुचायला लागतात. लॉस एंजेलिसचा गायक जमैकन खलाशाच्या तोंडून का बोलतो? सगळी गोष्ट तो मुलीला न सांगता बारमनला का सांगतोय? आणि तो शेवटचा भाग, जमैकाचा चंद्र दिसतो, तिला मिठीत घेतो, परत जाणार नाही म्हणून सांगतो. बेरीने वापरलेल्या बोलीत क्रियापदाला काळ लागत नाही, त्यामुळे हे घडतंय की घडून गेलंय की नुसतं मनात आहे हे कळत नाही. प्रत्येक कडव्यानंतर धृपद मात्र तेच, लुई, मला निघायला हवं. म्हणजे हा अजून उठलेलाच नाही. मला वाटतं तो निघत नाही, दरवेळी बारमध्ये बसून हीच गोष्ट सांगतो, आणि ती मुलगी अजून आहे का हेसुद्धा त्याला ठाऊक नसावं. दुसऱ्या कुणाला वाटेल की शेवटच्या कडव्यापर्यंत तो खरंच बोटीवर पोचलाय आणि धृपद फक्त आठवण म्हणून येतं. यावर भांडता येईल, कारण आता शब्द दोघांसमोर सारखेच आहेत. बेरीची १९५७ची रेकॉर्ड आधी ऐका, मग किंग्समेनची, आणि सोलोनंतर ईली लवकर सुरू होऊन थांबतो ती जागा आली की बघा, तो जमैकाच्या चंद्राचंच कडवं म्हणायला निघालेला असतो.